हातचा

मिनीबसचा हीटर डावीकडेच चालतो,
म्हणून उजवीकडच्या मुली एकमेकींवर रेलून झोपल्यात.
बाहेर बर्फ, मग बर्चची झाडं, मग पुन्हा बर्फ.
एकसष्ट–अठ्ठावन्न.
पानेवेझिसपासून हा आकडा
मी दिव्यांच्या खांबांवर मोजत येतोय,
जणू मोजून बदलेल.

वाकारे जागी आहे. आरशात दिसतात तिचे डोळे.
दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर तिला तिसरा फाउल लागला
आणि मी तिला बसवलं.
शेवटासाठी राखून ठेवतोय, म्हणालो.
मांडीवर टॉवेल घेऊन ती बसली,
मुदत ठेवीत टाकलेल्या पैशासारखी.
एकवीस मिनिटं.

पाचव्याला बाहेर काढतात.
मी तिसऱ्यालाच काढली.
नियमानं जी शिक्षा दिली नव्हती
ती मी आधीच देऊन मोकळा झालो.
आणि बास्केट पहिल्या मिनिटाला पडो की चाळिसाव्या,
फलकावर दोनच चढतात,
हे मीच तर शिकवतो सहावीच्या पोरींना
खडूनं, दर सप्टेंबरात.

उठवलं तेव्हा चार मिनिटं उरली होती
आणि तेरा गुण.
तिनं दहा भरून काढले.
शिट्टी वाजली तेव्हाही तिचे फाउल तीनच.
दोन शिल्लक.

एक टाइमआउटही शिल्लक.
ते नऊ–शून्य असे सुटले होते, छत हादरत होतं,
आणि मी हात वर करत होतो,
करत नव्हतो.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडली तेव्हा
तिच्यात फक्त घाम होता.

शाळेत बाई सांगायच्या:
हातचा विसरू नका.
मी कधीच विसरलो नाही.
मिळवायचाच राहिला.

शेवटचा चेंडू स्मिल्तेला दिला,
मागच्या शुक्रवारी तिनं लांबून दोन टाकले म्हणून.
अख्ख्या हिवाळ्यात तिचे तेवढेच दोन.
पण शुक्रवार जवळ होता ना,
आणि हिवाळा केवढा लांब.

खरं सांगायचं तर
डिसेंबरात बिर्झाईविरुद्ध हेच केलं होतं मी.
तिसरा फाउल, बाक, टॉवेल.
जिंकलो होतो.
नगरपालिकेनं केक पाठवला, वर साखरेचा चेंडू.
फक्त स्कोअर लिहिणारी म्हातारी पेट्रोनेले
पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाली,
पोरीला बसवली नसती तर?
मी म्हटलं, जिंकलो ना.
आणि एक तुकडा तिच्या बशीत ठेवला.
त्या दिवशी मी माझ्या चुकीला
केक भरवला. ती धष्टपुष्ट झाली,
आज माझ्याच बाकावर येऊन बसली.

वाकारे पुढे येते, दांडा धरून उभी राहते.
पुढच्या वेळी तिसरा लागला तर?
खेळशील.
आणि पाचवा लागला तर?
तर बसशील. पण तोवर खेळलेली असशील.
ती हसत नाही. बरोबर आहे तिचं.
कारण त्या दिवशीही आपण हरू शकतो,
आणि कसाई, टपालवाला, माझा सख्खा भाऊ
सगळे म्हणतील, बसवायला हवं होतं.

पेट्रोनेलेला सांगून ठेवणार आहे,
वहीच्या कडेला थोडी जागा सोड.
आकडा लागण्याआधी
माझं कारण लिहून घे तिथं,
नंतर मला खोडू देऊ नकोस.

डिझेलचा दिवा पेटलाय केव्हाचा.
एरवी मी म्हटलं असतं, पोहोचू की.
सुबाचुसला पंपावर वळतो.
बस थांबताच मुली एकेक जाग्या होतात,
गालांवर जॅकेटच्या चेनचे वळ,
विचारतात, आलं का?
नाही, म्हणतो.
अजून नाही.